वरकुट्याच्या उसातलं तेल

नऊ महिन्यांच्या एका पोराचं जावळ काढताना पोर जागं झालं नाही, एवढ्या एका गोष्टीवर लासुर्ण्याच्या सिद्धू काशीदचं पुढचं सगळं आयुष्य ठरलं.

जावळ म्हटलं की मामाची मांडी, बायकांचा गलका आणि पोराचं केकाटणं या तीन गोष्टी धरूनच चालायचं असतं. पण त्या दिवशी पोर मामाच्या मांडीवर झोपलं ते झोपलंच. सिद्धूने टाळूवरून, कानामागून, मानेच्या वळीतून वस्तरा असा फिरवला की शेवटी आईच घाबरली आणि तिने पोराच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना, ते बघून घेतलं. पाहुण्यांत बारामतीचे मोहनराव बसले होते. बागायतदाराचा मुलगा, पुण्याच्या शेतकी कॉलेजातून पदवी घेऊन आलेला, वय सत्तावीस, आणि अंगात उतावळेपणा इतका की बसल्या जागी एक पाय सतत हलत असायचा. सगळे पोराकडे बघत होते, मोहनराव एकटे वस्तऱ्याकडे बघत होते. पानं मांडली गेली तरी ते उठेनात. शेवटी सिद्धूजवळ येऊन म्हणाले, "उसाच्या सालीची अशी चकती काढशील का, की तिच्यातून पलीकडचं दिसेल?"

सिद्धूला वाटलं, शिकलेल्या माणसांना ऊन लवकर लागत असावं.

"कशापायी?" त्याने विचारलं.

"बघायला."

"आन बघून?"

"बघून काय दिसतं, ते बघितल्यावरच कळायचं. तेवढ्यासाठीच बघायचं!"

हे उत्तर सिद्धूला वेड्यासारखं वाटलं, पण आवडलंही. चौतीस सालची ही गोष्ट.

नीरेच्या कालव्याला लागून, लासुर्ण्यापासून कोसभरावर मोहनरावांच्या देखरेखीखालचा उसाचा एक लहानसा प्रयोगमळा होता. मळ्यात पत्र्याची एक खोली, खोलीत टेबल, टेबलावर सूक्ष्मदर्शक आणि मांडणीवर बाटल्या. मोहनराव तिला लॅबोरेटरी म्हणायचे, गाव काचघर म्हणायचं. नवे ऊस आणि जुने ऊस शेजारी शेजारी लावायचे, त्यांच्या चकत्या काढायच्या आणि कोणाच्या अंगात काय आहे ते बघायचं, हे तिथलं काम. चकत्या काढायला आधी चार शिकलेले उमेदवार येऊन गेले होते. त्यांनी काढल्या त्या चकत्या कोशिंबिरीला चालल्या असत्या. सिद्धूने पहिल्याच दिवशी सालीची चिपटी भेंडाच्या तुकड्यात धरली, तोच भेंड ज्याची बाशिंगं करतात, आणि एका ओढीत अशी चकती उतरवली की मोहनरावांना ती पाण्यात शोधावी लागली. त्यांनी आनंदाने टेबलावर थाप मारली तेव्हा ती पुन्हा हरवली.

सिद्धूने गावचं बलुतं धाकट्या भावाच्या, गेणूच्या, हवाली केलं आणि काचघरात दाखल झाला. गावाला तेवढंच पुरलं. पारावर बसलेला माणूस हटकायचाच, "काय सिद्धू, उसाची हजामत झाली का?" सिद्धू हसून पुढे जायचा. त्याला मनातून एक ठाऊक होतं, ते पारावरच्यांना ठाऊक नव्हतं. आजवर लोकांना त्याचा हात लागायचा, पण त्याला मात्र ओट्याच्या खाली बसवायचे. काचघरात तो टेबलाशी, खुर्चीवर बसत होता. मोहनरावांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "इथं तू न्हावी नाहीस. इथं तू सेक्शन, म्हणजे ह्या चकत्या, कापणारा आहेस. ती धोकटी बाहेर राहू दे."

धोकटी म्हणजे न्हाव्याची चामडी पिशवी. ती बाहेरच्या कडुनिंबाला टांगायची आणि आत मोहनरावांनी दिलेला जर्मन वस्तरा वापरायचा, असा नेम ठरला. जर्मन वस्तरा चकचकीत होता. काम झालं की तो स्पिरिटने पुसून डबीत ठेवायचा. धोकटीतला वस्तरा मात्र बापाचा. बापाने मरताना शेत दिलं नाही, कारण नव्हतंच. वस्तरा दिला आणि एक नेम दिला. "वस्तरा कवा कोरडा ठिवू नगंस, सिद्धू. वस्तरा कोरडा पडला की हात कोरडा पडतो." म्हणून सिद्धू रोज संध्याकाळी, तो वस्तरा वापरलेला असो वा नसो, करडईच्या तेलाचा बोळा पात्यावरून फिरवायचा. जेवण चुकेल, पण बोळा चुकायचा नाही.

आता रंगाचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्यानेच घडवलं. मोहनरावांनी मुंबईहून एक बाटली मागवली होती. जर्मनीत बनलेली तपकिरी लाल पूड. नाव सुदान. ती स्पिरिटमध्ये विरघळवून चकत्या तिच्यात बुडवायच्या. मोहनराव त्या बाटलीला लहान लेकरासारखी दोन्ही हातांनी धरायचे.

"सिद्धू, हा रंग पाण्याला शिवत नाही," ते सांगायला लागले की पाय हलायचा. "रस, साखर, पाणी, कशातच मुरत नाही. पण तेल दिसू दे, चरबी दिसू दे, मेण दिसू दे, धावत जाऊन त्यात बसतो! मग तेवढाच भाग लाल. आंधळ्याच्या हाती काठी दिल्यासारखं आहे रे हे. डोळ्याला न दिसणारं तेल हा दाखवतो."

"म्हंजी आमच्या रतनजोतीवानीच की," सिद्धू म्हणाला.

"कसली रतनजोत?"

"डोक्याच्या तेलात टाकतो ते मूळ, साहेब. पान्यात दिसभर ठिवा, पानी हाय तसं ऱ्हातं. तेलात टाकलं की घटकंत रगतावानी लाल."

मोहनराव खो खो हसले. "जर्मनीत शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं खपून रंग केला आणि हा म्हणतो, माझ्या धोकटीत आहे!" सिद्धूही हसला. साहेब हसले की हसायचं, एवढं तो काचघरातही विसरला नव्हता.

पौषात वरकुट्याहून एक ऊस आला. कालवा महिनाभर बंद होता, मळेच्या मळे वाळले होते, पण वरकुट्याच्या सोनबाच्या बांधावरचं काळपट उसाचं एक बेट हिरवंगार उभं होतं. सोनबानेच मोळी आणून टाकली. "पानी न्हाय तर न्हाय म्हनतो ह्यो ऊस. ह्याच्या पोटात काय हाय, ते तुमीच सांगा," म्हणाला आणि बैलं जुंपून गेला. मोहनरावांच्या डोळ्यांत दिवे लागले. पाण्याशिवाय तग धरणारा ऊस! त्याचं गुपित कळलं तर कालव्याच्या शेपटाकडचे सगळे मळे वाचतील. इंदापूरच्या बाजूला तर पाणी पोचेपर्यंत पाण्याचं नुसतं नाव पोचायचं.

पण त्या उसाची साल होती दगडासारखी. जर्मन वस्तऱ्याने पहिली चकती फाटली, दुसरी फाटली, चौथ्या ओढीला धारेला दातरा पडला. मोहनराव बाहेर पाटाचं पाणी वळवायला गेले होते. सिद्धूने दाराकडे बघितलं, कडुनिंबाकडे बघितलं, आणि उठून धोकटीतला बापाचा वस्तरा आत घेऊन आला. धार लावायच्या चामडी पट्ट्यावर दोन हात मारले, चिपटी भेंडात धरली आणि ओढली. लोण्यातून सुरी जावी तसा वस्तरा गेला. चकती उतरली ती अशी की तिच्याखाली ठेवलेल्या कागदावरचं अक्षर वाचता आलं असतं. सिद्धूची छाती फुगली. जर्मनी हरली होती, लासुर्णं जिंकलं होतं, आणि कोणाला सांगता येत नव्हतं. त्याने आठ चकत्या काढल्या, रंगात सोडल्या आणि वस्तरा परत नेऊन ठेवला.

मोहनराव आले, चकत्या काचेवर घेतल्या, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. हलणारा पाय थांबला. सिद्धूने तो पाय थांबलेला कधी बघितला नव्हता.

"सिद्धू," ते एवढंच म्हणाले. मग एकदम खुर्ची मागे पाडून उठले. "सिद्धू! थेंब! लाल थेंब! अरे, तेल आहे ह्या उसात! ये, बघ, बघ!"

दहा महिने सिद्धूने हजारो चकत्या काढल्या होत्या, पण त्या यंत्राला त्याने डोळा लावला नव्हता. ते साहेबाचं काम. आज साहेबांनीच त्याची मान धरून यंत्रावर वाकवली. आधी काळोख दिसला, मग स्वतःच्याच पापण्या दिसल्या आणि मग एकदम उजेडात एक गाव दिसलं. घराला घर लागलेलं, भिंतीला भिंत, आणि त्या घरांवरून, गल्ल्यांतून, वेशीबाहेरही लालभडक मणी विखुरलेले. आपण इतके दिवस वस्तऱ्याने हे कापत होतो!

मोहनराव खोलीत येरझारा घालत होते. "आपल्या जुन्या पुंड्या उसात नाही. कोइमतूरच्या उसात नाही. फक्त ह्याच्यात! म्हणजे पाणी नसलं की हा स्वतःच्या तेलावर जगतो. सिद्धू, उद्या एकाच कांड्यातून गूळ आणि गोडेतेल दोन्ही काढतील लोक!" त्यांनी बसल्या बैठकीला पुण्याला पत्र लिहिलं. ज्यांच्या हाताखाली ते शिकले, त्या आप्पासाहेबांना. आप्पासाहेब म्हणजे वनस्पतींच्या अंतरंगाचं ज्यांना खडान्‌खडा ठाऊक, असं पांढऱ्या मिशीचं प्रस्थ. शनिवारी त्यांची तार आली: सोमवारी सकाळी येतो. मोहनराव पाहुण्यांच्या सोयीसाठी त्याच दुपारी बारामतीला गेले, जाताना सिद्धूच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुझ्या हातानं नाव काढलं बघ माझं!"

त्या थापेवर सिद्धू घरापर्यंत तरंगत गेला.

रविवारी दुपारी रंगूबाई, सिद्धूची बायको, चुलीपाशी डोक्याचं तेल करत बसली होती. कढत तेलात रतनजोतीच्या काड्या पडल्या की तेलाला लाली सुटायची. सिद्धू भिंतीला टेकून तिला उसातल्या गावाची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होता, आणि रंगूबाई तिसऱ्यांदा "व्हय का" म्हणत होती. बोलता बोलता तिच्या पळीतलं चमचाभर तेल शेजारच्या पाण्याच्या परातीत सांडलं.

सिद्धू बोलायचा थांबला.

परातीत पाण्यावर लाल मणी झाले होते. गोल, कडेला चकाकणारे, एकमेकांना टेकले की एक होणारे. तो परातीवर वाकला.

"अवं, तेल सांडलंय. त्यात डोळं फाडून काय बघताय?"

"रंगू, तेल ज्याच्या पोटात असंल, त्याच्या पोटातच ऱ्हाईल का न्हाय?"

"मग कुठं जाईल?"

"मग ते वेशीभाईर कसं आलं?"

रंगूबाईने कपाळाला हात लावला. नवरा काचघरात जाऊन बिघडणार, हे तिच्या सासूने आधीच सांगून ठेवलं होतं.

सिद्धूच्या डोळ्यांपुढे ते उजेडातलं गाव उभं होतं. मणी घरांच्या आत नव्हते. घरांवर होते, गल्लीत होते, चकतीच्या बाहेर मोकळ्या पाण्यातही होते. उसातलं तेल असतं तर ते घराघरांतून, भिंतीआड दिसलं असतं. हे तर कोणी वरून शिंपडल्यासारखं होतं. वरून! तो उठला, खुंटीवरची धोकटी काढली, बापाचा वस्तरा उघडला आणि पात्यावरून अंगठा फिरवला. अंगठा गुळगुळीत घसरला. करडईचा वास आला.

त्याने वस्तरा मिटला. हुकूम मोडल्याची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर तिच्याखाली कुठंतरी उकळीही फुटली होती. कळलं होतं त्याला! कोणी न सांगता, परातीत बघून कळलं होतं! तो तसाच, पायांत वहाणा न घालता मळ्याकडे सुटला. रंगूबाई दारातून ओरडली, तेव्हा तो ओढा ओलांडून गेलाही होता.

काचघराची किल्ली त्याच्याकडे असायची. वाफ्यातून त्याने एक मुळा उपटला. मुळ्यात तेल निघत असतं तर सगळ्या तालुक्याने करडई सोडून मुळेच पिळले असते. त्याने जर्मन वस्तऱ्याच्या धारेचा दातरा न पडलेला भाग धरून मुळ्याची एक चकती काढली. बापाच्या वस्तऱ्याने दुसरी काढली. दोन्ही सुदानच्या रंगात सोडल्या, धुतल्या, दोन काचांवर ठेवल्या. मग मात्र तो अडला. यंत्राला एकट्याने हात लावायचा त्याला हुकूम नव्हता. तो दोनदा दारापर्यंत जाऊन आला, देवाचं नाव घेतलं आणि डोळा लावला.

जर्मन वस्तऱ्याची चकती पांढरीफटक, लाल ठिपका औषधालाही नाही. बापाच्या वस्तऱ्याची बघितली, आणि लाल मणीच मणी!

"मुळ्यात तेल!" सिद्धू रिकाम्या खोलीत ओरडला. "मुळ्यात तेल निघालं!" तो हसायला लागला, एकटाच, टेबलावर हात आपटून, अगदी मोहनराव आपटायचे तसाच. साऱ्या मुलखात, पुण्यात, जर्मनीत कोणाला ठाऊक नव्हतं ते या घटकेला त्याला एकट्याला ठाऊक होतं. चुकीचं मूळ त्याने स्वतः शोधून काढलं होतं. कशाची मजा आहे ते त्याला आत्ता समजलं. बघून काय दिसतं ते बघितल्यावरच कळतं, हे साहेबांचं बोलणं वेड्याचं नव्हतं.

हसणं ओसरलं तसा तो खुर्चीत बसला. चूक शोधली खरी, पण चूक त्याचीच होती. बाहेर ठेवायला सांगितलेली धोकटी त्यानेच आत आणली होती. उद्या आप्पासाहेब येणार. खरं सांगावं तर मोहनरावांची पुण्यापर्यंत शोभा होणार, आणि ही खुर्ची गेलीच म्हणून समजायचं. पुन्हा ओट्याच्या खाली. न सांगावं तर? मोळीतला ऊस पुढ्यात येईल, तो बापाचा वस्तरा काढेल, लाल मणी दिसतील, सगळे खूश होतील. आणि सोनबासारखी माणसं एका न्हाव्याच्या बोळ्यातलं तेल उसात शोधत बसतील. सिद्धूने दोन्ही काचा उचलून कपाटात ठेवल्या, फेकल्या मात्र नाहीत.

सोमवारी तो सूर्य उगवायच्या आधीपासून फाटकाशी उभा. आल्या आल्या साहेबांना बाजूला घ्यायचं, हे त्याने ठरवलं होतं. टांगा आला. मोहनराव उतरले ते बोलतच उतरले.

"साहेब, जरा एक ऐकता का, बाजूला..."

"नंतर, सिद्धू, नंतर! आप्पासाहेब, हाच तो माझा हात!"

"साहेब, लई गरजंचं..."

"अरे, चहाचं बघ आधी!"

चहाचं बघितलं. चहा झाला. मोहनरावांचा पाय इतका हलत होता की बशीतला चमचा वाजत होता. आप्पासाहेब मात्र शांत होते. त्यांनी आधीच्या काचा बघितल्या, मिशीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "छान आहेत. आता माझ्यासमोर एक ताजी चकती काढा."

मोहनरावांनी जर्मन वस्तरा पुढे केला. सिद्धूने तो हातात घेतला. त्याच्या मनात एक तिसरी वाट चमकून गेली. याच वस्तऱ्याने चकती काढली तर ती फाटेल, मणी दिसणार नाहीत, आणि त्याच्या अंगावर काहीच येणार नाही. साहेब खोटे पडतील आणि कशामुळे पडले ते कोणाला कधी कळणारही नाही. त्याने मोहनरावांकडे बघितलं. त्यांचा चेहरा जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या पोरासारखा झाला होता.

सिद्धूने वस्तरा खाली ठेवला. बाहेर गेला, धोकटी घेऊन आत आला आणि टेबलावर ठेवली. मग कपाटातल्या दोन काचा काढल्या.

"आधी ह्या बघा, आप्पासाहेब. ह्यो मुळा हाय."

"मुळा?" मोहनराव म्हणाले. "मुळा कशाला? सिद्धू, काय चाललंय?"

आप्पासाहेबांनी पहिली काच बघितली. दुसरी बघितली. दुसऱ्या काचेवर ते फार वेळ थांबले. "मुळ्यात तेल," ते हळूच म्हणाले.

"मुळ्यात न्हाय जी. उसातबी न्हाय. तेल माज्या बापाच्या वस्तऱ्यात हाय." सिद्धूने धोकटीतला वस्तरा काढून टेबलावर ठेवला. "तुमच्या वस्तऱ्यानं वरकुट्याचा ऊस कापंना, म्हून मी ह्यो आत आनला. साहेबांचा हुकूम मोडून आनला. रोज सांजंला तेलाचा बोळा फिरवतो मी त्याच्यावरनं. ते तेल चकतीला लागलं आन तुमच्या रंगानं त्येच दाखवलं. रंग खोटा न्हाय. साहेबबी खोटं न्हाईत. माजीच चूक हाय."

मग मोहनराव उठले, आणि शेतकी कॉलेज, पदवी, पुणं, सगळं त्यांच्या तोंडावरून उतरून गेलं. "आरं, काय केलंस रं हे! पार मातीत घातलंस की मला! पुन्याला लिवून बसलोय मी! मुळ्यात तेल? माज्याच टेबलावर?" त्यांनी दाराकडे बोट केलं. "ऊठ! घे ती धोकटी आन नीघ हितनं!"

सिद्धूने धोकटीला हात घातला. पण हाताने ऐकलं नाही. हाताला अजून एक गोष्ट बघायची होती, आणि ती रात्रभर डोक्यात घोळत होती.

"जातो, साहेब. पर एक चकती काढू द्या. एकच. तेल न लावता."

मोहनराव काही म्हणायच्या आत आप्पासाहेब म्हणाले, "काढू दे त्याला."

सिद्धूने पातं रिठ्याच्या फेसाने धुतलं. मग स्पिरिटने पुसलं, एकदा, दोनदा, तीनदा. सवयीने हात पट्ट्याकडे गेला आणि झटका बसल्यासारखा मागे आला, कारण पट्टाही वर्षानुवर्षं तेल प्यालेला होता. बोटं साबणाने धुतली. बापाचा वस्तरा जन्मात पहिल्यांदा कोरडा ठक्क त्याच्या हातात होता. बा, माफ कर, असं मनात म्हणून त्याने वरकुट्याच्या उसाची चिपटी भेंडात धरली आणि श्वास रोखून ओढ घेतली. चकती उतरली. तशीच एक पुंड्याची उतरवली. दोन्ही रंगात सोडल्या, धुतल्या, एकाच काचेवर शेजारी शेजारी ठेवल्या.

आप्पासाहेबांनी डोळा लावला. एक पळ गेला, दुसरा गेला.

"थेंब नाहीत," आप्पासाहेब म्हणाले. "पण मोहनराव, तुम्ही काठ बघितलात का?"

"कसला काठ?"

"इकडं या. थेंबांच्या नादात तुम्ही काठ बघायचाच विसरलात. या, या!"

मोहनराव वाकले. आणि सिद्धूने बघितलं की त्यांचा पाय पुन्हा हलायला लागला. आधी हळू, मग जोरात.

"मेण!" मोहनराव ओरडले. "आप्पासाहेब, हा मेणाचा पापुद्रा! पुंड्याचा बघा, नुसती लाल रेघ, केसाएवढी. आणि ह्याचा? ह्याचा तर लुगड्याचा काठ आहे! अंगाभोवती मेणाचं पांघरूण घेतलंय ह्यानं, पाणी उडून जाणार कुठून? अरे, हे तर पहिल्या दिवसापासून इथंच होतं! सिद्धू! सिद्धू, बघ, बघ!" एक पळापूर्वी त्याला हाकलून दिलं होतं, हे ते साफ विसरले होते. त्यांनी पुन्हा त्याची मान धरून यंत्रावर वाकवली.

सिद्धूला गाव दिसलं. तेच गाव, पण आज गल्ल्या स्वच्छ होत्या. आणि गावाच्या कडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लालभडक रुंद तटबंदी उभी होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तट धुरकट झाला.

आप्पासाहेबांनी त्याला विचारलं, "नाव काय तुमचं?"

तुमचं, असं म्हणाले ते. सिद्धूने नाव सांगितलं. आप्पासाहेबांनी ते वहीत लिहून घेतलं आणि मोहनरावांकडे वळून म्हणाले, "तेलाचे थेंब बघणारे पुष्कळ भेटतात. मुळा कापून बघणारा मला तरी फार क्वचित भेटला." मोहनरावांनी मान खाली घातली. मग ते उठले, टेबलावरची धोकटी उचलली आणि आतल्या खुंटीला, आपल्या कोटाशेजारी टांगली. मोहनरावांना न बोलता काही करता येतं, हे सिद्धूला तेव्हा कळलं.

त्या संध्याकाळी सिद्धूने सवयीने तेलाचा बोळा हातात घेतला, तो तसाच वाटीत परत ठेवला, आणि बापाचा वस्तरा स्पिरिटने पुसून कोरड्या फडक्यात गुंडाळला. पुढची कितीतरी वर्षं तो त्याच वस्तऱ्याने सेक्शन कापत राहिला. तेल सुटल्याने चारच दिवसांत पात्याच्या बुडाशी तांदळाएवढा गंज आला होता. न्हाव्याच्या वस्तऱ्याला गंज म्हणजे नाक कापल्यासारखं. गेणूने दोनदा म्हटलं, दादा, निसण्याच्या दगडावर घासून काढू का. सिद्धूने काढू दिला नाही. काचघरात कोणी नवा माणूस यायचा, रंगाची बाटली, यंत्र, काचा सगळं बघून व्हायचं, तेव्हा सिद्धू खुंटीवरची धोकटी काढायचा, वस्तरा उघडायचा आणि तो गंजाचा डाग बोटाने दाखवायचा.

"ह्यो बघा," तो म्हणायचा, "ह्यी माज्या हातच्या पयल्या खऱ्या सेक्शनची खूण."